मुठीवरचा बाशा

सोळाव्या शतकात आग्रा आणि फतेहपूर सीक्री यांच्या दरम्यानचा मुलूख आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. गहू-हरभऱ्याची शेते, मध्येच बाभळी-बोरींची झुडपे, पाण्याने भरलेली तळी आणि दूरवर पसरलेली माळराने असे त्याचे रूप होते. हिवाळा सुरू झाला की हिमालयाच्या बाजूने असंख्य पक्षी या मैदानात उतरत. त्यांच्याबरोबर एक लहानसा शिकारी पक्षीही येई. पिवळे धमक डोळे, छातीवर आडव्या रेघा, काडीसारखे लांब पाय आणि आखूड, गोलसर पंख असलेल्या या पक्ष्याला मोगल दरबारात बाशा म्हणत. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या शिक्र्याचा तो जवळचा नातलग. मादीचे वजन पाव किलोच्या आसपास, आणि नर तर त्याहूनही पुष्कळ लहान.

त्या काळी शिकारी पक्षी बाळगणे हे राजवैभवाचे लक्षण मानले जाई. दूर उत्तरेकडून आणलेले मोठे, मौल्यवान ससाणे राजे एकमेकांना नजराणा म्हणून पाठवीत. हिंदुस्थानच्या बादशहाजवळ अशा पक्ष्यांची वाण नव्हती. तरीही त्याची आवड होती ती या चिमुकल्या बाशाची. हा बादशहा म्हणजे जलालुद्दीन मुहंमद अकबर. अबुल फजलने आपल्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात ही आवड नोंदवून ठेवली आहे. बाज, शाहीन, शुंकार अशा थोर पक्ष्यांकडून अकबर अद्भुत कामगिरी करून घेई. परंतु पसंती मात्र बाशाला देई आणि या जातीच्या पक्ष्यांना निरनिराळी नावेही ठेवी, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या पदरी हजारो हत्ती होते, त्याला मुठीवर सहज मावणारे पाखरू का आवडावे? अकबराचे चरित्र पाहिले की या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडू लागते.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे झाला. त्याचे वडील हुमायून त्या वेळी राज्य गमावून वणवण फिरत होते. एका राजपूत राण्याच्या आश्रयाने राहत असताना हमीदाबानू बेगमेने या मुलाला जन्म दिला. पुढे आईवडील इराणकडे गेले आणि तान्हा अकबर काकांच्या ताब्यात राहिला. त्याचे बालपण कंदाहार आणि काबूल येथे, भाऊबंदकीच्या धामधुमीत गेले.

हुमायून विद्याप्रेमी होता. मुलाने उत्तम शिक्षण घ्यावे अशी त्याची तळमळ होती. १५४७ मध्ये ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून अकबराच्या अक्षरारंभाचा समारंभ ठरला. मुहूर्ताची घटका आली आणि पाहतात तो राजपुत्र जागेवर नाही! शोधाशोध करूनही तो सापडला नाही. खेळाच्या नादात तो कुठेतरी निघून गेला होता. त्यानंतर एकामागून एक शिक्षक नेमले गेले. पहिल्या शिक्षकाला कबुतरे उडविण्याचाच छंद होता, म्हणून त्याला दूर करण्यात आले. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या शिक्षकांनाही यश आले नाही. अकबराचे मन पाटीवर रमत नसे. ते रमत असे उंटांत, घोड्यांत, कुत्र्यांत, आकाशात गिरक्या घेणाऱ्या कबुतरांत आणि काबूलच्या डोंगरांतील शिकारीत. अक्षरओळख त्याला अखेरपर्यंत नीटशी झाली नाही.

मात्र तो अज्ञानी राहिला असे कोणी समजू नये. पुढील आयुष्यात तो रोज ग्रंथ वाचून घेत असे. वाचन जेथे थांबे तेथे आपल्या हाताने खूण करी आणि वाचलेल्या पानांच्या हिशेबाने वाचकाला मोबदला देई. ऐकलेले त्याच्या स्मरणात पक्के राही. जे इतरांना पुस्तकातून मिळते, ते त्याने कानांनी, डोळ्यांनी आणि हातांनी मिळविले. प्राण्यांचा सहवास हीसुद्धा त्याची एक पाठशाळाच होती.

जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीच्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून हुमायूनचा मृत्यू झाला. अकबर त्या वेळी पंजाबात होता. १४ फेब्रुवारी १५५६ रोजी कलानौर येथे एका साध्या चौथऱ्यावर त्याचा राज्याभिषेक झाला. वय अवघे तेरा वर्षांचे. राज्यकारभाराची सूत्रे बैरामखान या पराक्रमी पालकाच्या हाती होती. बालबादशहा मात्र बहुतेक वेळ शिकारीत घालवी. दरबारातील मुत्सद्द्यांना वाटे, पोराला राज्याचे काही सोयरसुतक नाही. पण १५६० च्या मार्च महिन्यात अकबर शिकारीच्या निमित्ताने आग्र्याहून बाहेर पडला, तो थेट दिल्लीला पोहोचला आणि तेथून त्याने बैरामखानाला कारभारातून दूर केल्याचे जाहीर केले. शिकारीत रमलेल्या मुलाने धीर आणि नेम हे दोन्ही गुण आत्मसात केले होते, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

यानंतरही अकबराची शिकार सुटली नाही. पण तिला एक वेगळा अर्थ आला. राजवाड्यात बसलेल्या राजाला त्याच्याभोवतीचे लोक दाखवतील तेवढेच दिसते. शिकारीला निघालेल्या राजाच्या वाटेवर खेडी लागतात, शेते लागतात, माणसे भेटतात. अबुल फजलने लिहिले आहे की, वरवर पाहणाऱ्यांना शिकारीत केवळ प्राणी मारण्याचा आनंद दिसतो, परंतु बादशहा तिचा उपयोग ज्ञान मिळविण्यासाठी करी. येण्याची आगाऊ वर्दी न देता तो लोकांची व लष्कराची स्थिती पाही. करवसुली, इनाम जमिनी यांविषयी चौकशी करी. गांजलेल्यांना आधार देई आणि गांजणाऱ्यांना शासन करी.

अबुल फजल हा बादशहाचा स्तुतिपाठक होता, हे खरे. तथापि, काही घटना त्याच्या म्हणण्याला पुष्टी देतात. एकदा फतेहपूरच्या बाजूला शिकारीला जात असताना वाटेतील मंढाकर गावाजवळ काही गायक ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या स्तुतीची गीते गात होते. ती ऐकून अकबराच्या मनात ओढ निर्माण झाली आणि जानेवारी १५६२ मध्ये तो प्रथमच अजमेरच्या यात्रेला निघाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५६३ मध्ये, तो मथुरेच्या परिसरात शिकारीसाठी मुक्काम करून होता. तेथे त्याला समजले की तीर्थयात्रेला येणाऱ्या हिंदू यात्रेकरूंकडून सरकारात कर घेतला जातो. माणसाने आपल्या श्रद्धेप्रमाणे देवाची पूजा करावी आणि त्यासाठी दंड भरावा, हे त्याला अन्यायाचे वाटले. त्याने साऱ्या राज्यातील यात्राकर रद्द केला. या करातून खजिन्याला मोठे उत्पन्न मिळत होते. पण त्याने त्याची पर्वा केली नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचाही नव्हता. १५६४ मध्ये जिझिया करही त्याने उठविला.

अशा या बादशहाच्या शिकारखान्यात पक्ष्यांचा एक स्वतंत्र विभाग होता. मनसबदार आणि इतर सैनिक त्यावर नेमलेले असत. पक्ष्यांची प्रत्यक्ष निगा ठेवणारे सेवक बहुतेक काश्मिरी आणि हिंदुस्थानी होते. प्रत्येक जातीच्या पक्ष्याचा शिधा ठरलेला होता. काश्मीरमध्ये व हौशी लोकांकडे पक्ष्यांना दिवसातून एकदाच खाऊ घालीत. बादशाही पक्ष्यांना दोनदा मिळे. बाजाला सात दामांच्या वजनाचे मांस, बहिरीला पाच दामांचे, तर बाशाला तीन दामांचे. दाम हे तांब्याचे नाणे सुमारे एकवीस ग्रॅम वजनाचे असे. म्हणजे बाशाचा शिधा आजच्या मापाने साठ ग्रॅमच्या थोडा वर भरतो. शिक्र्याचा त्याहूनही कमी, केवळ दोन दामांचा. शिवाय सायंकाळी चिमण्या देत. बाजाला सात, बाशाला तीन आणि शिक्र्याला दोन. ही नोंद करणाऱ्याची लेखणी किती बारकाईने चालत होती, हे यावरून दिसते.

पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवरही अकबराचे लक्ष होते. हौसेपोटी आणि माहिती नसल्यामुळे लोक शिकारी पक्ष्यांसाठी भरमसाट पैसे मोजत. विकणाऱ्याला त्याचा नफा मिळावा, पण घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये, म्हणून अकबराने निरनिराळ्या पक्ष्यांच्या किमती ठरवून दिल्या.

या साऱ्या पक्ष्यांत बाशाचे वेगळेपण काय होते? बहिरी ससाणा उंच आकाशात चढतो आणि तेथून विजेसारखा भक्ष्यावर कोसळतो. त्याच्या शिकारीसाठी मोकळे मैदान हवे, दौडणारे घोडे हवेत, मोठा लवाजमा हवा. बाशाची रीत निराळी. तो झाडाझुडपांचा पक्षी. आखूड पंख आणि लांब शेपटी यांमुळे फांद्यांतून, कुंपणावरून, शेताच्या बांधालगत तो चपळाईने वळत जातो. त्याचा पाठलाग थोड्याच अंतराचा असतो आणि काही क्षणांत सारे संपते. लावा, तित्तिर किंवा साळुंकी यांच्यासारखे पक्षी हे त्याचे भक्ष्य. त्यामुळे बाशा घेऊन निघालेल्या माणसाला सैन्य लागत नाही. दोन-चार सोबती आणि पायांखाली रान असले की पुरे. सिंहासनावर बसलेल्या माणसाला साध्या शेतकऱ्यासारखे बांधावरून चालत जाण्याची संधी या पक्ष्यामुळे मिळत असे. अकबराला पायी चालण्याचे वावडे नव्हते. १५६३ मध्येच तो मथुरेहून आग्र्यापर्यंत एका दिवसात चालत आला होता आणि बरोबरच्या लोकांपैकी फारच थोडे त्याच्याबरोबर शेवटपर्यंत टिकले होते.

बाशाला शिकविणे हे मात्र सोपे काम नव्हते. रानातून पकडलेला पक्षी माणसाला पाहून भेदरतो. जुन्या रीतीप्रमाणे प्रथम त्याच्या पापण्या बारीक दोऱ्याने बांधून टाकीत, म्हणजे त्याला काही दिसत नसे आणि तो शांत राही. ही रीत कठोरच होती. नंतर रोज थोडा थोडा दोरा सैल करून त्याला जगाची ओळख करून देत. पायांत मऊ चामड्याच्या वाद्या आणि एक लहानसे घुंगरू बांधीत. मग चामड्याच्या हातमोज्यावर बसवून त्याला तासन् तास फिरवावे लागे. माणसांचे आवाज, घोड्यांच्या टापा, कुत्र्यांचे भुंकणे, बाजारातील गर्दी या साऱ्याची भीती हळूहळू मोडावी लागे. तो मुठीवर बसून निर्धास्तपणे खाऊ लागला की पहिली पायरी पार पडली, असे समजत. पुढे लांब दोरी बांधून त्याला थोड्या अंतरावरून हाक मारीत आणि आल्यावर मांसाचा तुकडा देत. हे अंतर रोज वाढवीत. शेवटी एके दिवशी दोरी सोडून टाकीत. शिकविणाऱ्याची खरी परीक्षा त्या दिवशी असे.

शिक्रा आणि बाशा यांच्या बाबतीत हिंदुस्थानात आणखी एक रीत होती. पक्ष्याला तळहातात अलगद धरून भाला फेकावा तसे भक्ष्याच्या दिशेने फेकत. फेकताना त्याला हिसका बसू नये म्हणून त्याच्या मानेत सुताचा मऊ गोफ घालीत. हातात बळ कमी पडले तर पक्ष्याला वेग मिळत नसे आणि जास्त झाले तर त्याला इजा होई. एवढ्या लहान जिवाला एखाद्या दिवसाची हेळसांडही प्राणघातक ठरू शकते. त्याचे पोट जास्त भरले, तर तो झाडावर बसून राहतो आणि हाकेला ओ देत नाही. कमी भरले, तर तो खंगतो. या दोन्हींच्या मधली वाट रोज नव्याने शोधावी लागते. मुख्य म्हणजे या पक्ष्यावर हुकूम चालत नाही. हत्तीला अंकुश असतो, घोड्याला लगाम असतो. आकाशात सोडलेल्या बाशाला काहीही नसते. तो परत येतो तो विश्वासाने आणि सवयीने. बादशहाच्या फर्मानाला सारा मुलूख मान तुकवीत होता. या पाखरापुढे मात्र बादशहा आणि शेतकरी सारखेच होते.

१५८० ते १५८२ या काळात मॉन्सेरात नावाचा एक जेझुइट धर्मोपदेशक अकबराच्या दरबारी होता. अकबराला शिकारीचे अतिशय वेड आहे, परंतु पक्ष्यांकरवी होणाऱ्या शिकारीची तितकी आवड नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. अबुल फजलच्या कथनाहून हे थोडे निराळे आहे. कदाचित दोघांच्या म्हणण्यात तथ्य असेल. पक्ष्यांच्या शिकारीचा डामडौल अकबराला फारसा भावत नसेल आणि छोट्या बाशाची साधी शिकार भावत असेल, असे म्हणता येईल.

शिकारीत इतका रमणारा अकबर आपल्या हातून होणाऱ्या हत्येविषयी पूर्णपणे बेफिकीर मात्र कधीच नव्हता. १५६९ मध्ये त्याच्या मुलाच्या, म्हणजे सलीमच्या जन्मापूर्वी एक प्रसंग घडला. आईच्या उदरातील बाळाची हालचाल एकाएकी थांबली. अकबर त्या वेळी चित्ते घेऊन शिकार करीत होता. वार शुक्रवार होता. बातमी कळताच त्याने नवस केला की, बाळ सुखरूप राहिले तर आयुष्यभर शुक्रवारी चित्त्यांकरवी शिकार करणार नाही. बाळ वाचले. अकबराने तो नेम अखेरपर्यंत पाळला, असे त्याच मुलाने, म्हणजे पुढच्या जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी अकबराच्या आयुष्यात एक विलक्षण घटना घडली. १५७८ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस तो पंजाबात झेलम नदीकाठच्या भेरा गावाच्या परिसरात होता. तेथे कमरगाह नावाची फार मोठी शिकार योजण्यात आली होती. कमरगाह म्हणजे मैलोन् मैल पसरलेल्या प्रदेशाला हाकाऱ्यांचा वेढा घालायचा, तो दिवसेंदिवस आवळत आणायचा आणि मधोमध कोंडलेल्या हजारो प्राण्यांची शिकार करायची. या वेळीही सरदार आपापल्या जागी उभे होते. कित्येक दिवसांचे श्रम खर्ची पडले होते. वेढा जवळजवळ पूर्ण झाला होता. आता बादशहाने पुढे व्हावे आणि शिकारीला आरंभ करावा, एवढेच उरले होते.

आणि अकबर एका झाडाखाली स्तब्ध बसून राहिला. त्याच्या मनात काहीतरी मोठी उलथापालथ झाली. ते नेमके काय होते, हे त्याच्या इतिहासकारांनाही सांगता आले नाही. अबुल फजलला ती ईश्वरी कृपा वाटली. अकबराचा कठोर टीकाकार असलेल्या बदायुनीनेही बादशहाला एका विचित्र अवस्थेने ग्रासल्याची नोंद केली आहे. अकबराने शिकार तत्काळ थांबविण्याची आज्ञा केली. वेढा मोडून सर्व प्राण्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे. कोणीही एखाद्या लहानशा पाखराच्या पिसालासुद्धा हात लावू नये, अशी ती आज्ञा होती. हाकारे बाजूला झाले. कोंडलेली हरणे, ससे, पाखरे पुन्हा रानात पांगली. अकबराने गोरगरिबांना आणि फकिरांना पुष्कळ द्रव्य वाटले, आपले लांब केस कापून टाकले आणि त्या जागी स्मारक म्हणून इमारत व बाग करण्यास सांगितले.

या घटनेनंतर अकबराची वृत्ती अधिक अंतर्मुख होत गेली. फतेहपूर सीक्रीच्या इबादतखान्यात निरनिराळ्या धर्मांच्या विद्वानांच्या चर्चा चालूच होत्या. १५८३ मध्ये त्याच्या निमंत्रणावरून जैन आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतून पायी प्रवास करीत सीक्रीला आले. बादशहाने देऊ केलेला कोणताही नजराणा त्यांनी स्वीकारला नाही. त्यांनी मागणे मागितले ते मुक्या प्राण्यांसाठी. अकबराने त्यांच्या उपदेशाला मान देऊन पिंजऱ्यांतील पक्षी सोडून दिले, सीक्रीजवळच्या डाबर तलावात मासेमारीस बंदी केली आणि पर्युषणाच्या काळात बारा दिवस जीवहत्या होऊ नये असे फर्मान काढले. आचार्यांना त्याने जगद्गुरू ही पदवी दिली. स्वतःच्या जेवणातही त्याने मांसाहाराचे दिवस कमी करीत नेले. वर्षातील अनेक दिवस, आपल्या जन्माचा महिना धरून, तो मांस वर्ज्य करू लागला.

असे असले तरी अकबर शिकारीपासून कायमचा निवृत्त झाला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. भेऱ्यानंतरही त्याने शिकार केली. ‘आईन-इ-अकबरी’ हा ग्रंथ १५९० नंतरच्या दशकात पूर्ण झाला. त्यातही शिकारी पक्ष्यांचा विभाग, त्यांचे सेवक आणि त्यांचा शिधा यांची माहिती आहेच. पाखराच्या पिसालाही हात लावू नका, ही आज्ञा ज्या लेखणीने नोंदविली, त्याच लेखणीने बाशाच्या रोजच्या तीन चिमण्याही नोंदविल्या. या दोन नोंदींमध्ये विसंगती आहे. ती लपविण्याचे कारण नाही. माणूस एका दिवसात बदलत नाही. जन्मापासून जडलेली आवड आणि नव्याने जागा झालेला विवेक यांचा झगडा त्याच्या मनात दीर्घकाळ चालतो. अकबराच्याही मनात तो चालला आणि त्याने तो झाकून ठेवला नाही. शुक्रवारचा नेम, मांसाविना जेवणाचे दिवस, उघडलेले पिंजरे ही त्या झगड्यातील एकेक पायरी होती.

ऑक्टोबर १६०५ मध्ये आग्रा येथे अकबराचे निधन झाले. आग्र्याजवळच सिकंदरा येथे त्याची कबर आहे. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या जहांगीरने वडिलांकडून केवळ राज्य घेतले नाही, तर पशुपक्ष्यांविषयीचे कुतूहलही घेतले. सारस पक्ष्यांची जोडी अंडी कशी उबविते, हे त्याने बारकाईने पाहून लिहून ठेवले आणि मन्सूर या श्रेष्ठ चित्रकाराकडून अनेक पक्ष्यांची चित्रे काढून घेतली. पक्ष्याकडे पाहणारी राजाची नजर हळूहळू शिकाऱ्याची कमी आणि निरीक्षकाची अधिक होत चालली होती. जहांगीरही मोठा शिकारी होता, हेही येथे विसरता येत नाही.

आज भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातील पक्षी पकडणे आणि त्यांच्याकरवी शिकार करणे हा गुन्हा आहे. बाशा आणि शिक्रा यांना या कायद्याने संरक्षण दिले आहे. पण अकबराच्या काळाप्रमाणेच आजही थंडी पडू लागली की बाशा हिमालयातून उत्तरेच्या मैदानात उतरतो. शेताच्या बांधावरील एखाद्या झाडात तो निश्चल बसलेला असतो आणि क्षणात झुडपांवरून सुळकन निघून जातो. त्याच्या पायांत आता वाद्या नसतात, घुंगरूही नसते.

बाशाला मुठीवर बसवण्यासाठी जो धीर लागतो, तो अकबराने लहानपणापासून कमावला होता. मूठ आवळली तर पक्षी मरतो आणि अगदी सैल सोडली तर निसटतो, हे त्याला ठाऊक होते. राज्य करतानाही त्याने बरेच वेळा हेच तारतम्य बाळगले. करांचे ओझे उतरविले, निरनिराळ्या श्रद्धांच्या लोकांना जवळ केले. मात्र भेऱ्याच्या रानात वेढा मोडण्याची आज्ञा देताना त्याने जे केले, ते पक्ष्यांच्या शिकारीत कधीच शिकविले जात नाही. शिकारी पक्ष्याला सोडतो, तो परत बोलावण्यासाठी. त्या दिवशी अकबराने ज्या जिवांना सोडले, त्यांना त्याने पुन्हा हाक मारली नाही.